साक्षगंधातली सुई

डॉक्टर देवराव गजभिये यांचा दवाखाना आणि माझं औषधाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या निम्म्या लोकांना काय झालंय ते मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं. यात माझा काही दोष नाही. डॉक्टरांचा आवाज मोठा होता, आणि त्याहून मोठी पंचाईत म्हणजे त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

बाकावर माणसं खेटून बसलेली असायची आणि हा गृहस्थ दारातून आत पाऊल टाकणाऱ्याला सांगायचा, "तुमाले टीबी हाय. लपवू नका, औषध घ्या, बरे होता." तो बिचारा खोकायचंसुद्धा विसरायचा. शेजारचा बाकावरून सरकायचा आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर बोभाटा व्हायचा. एका हेडमास्तरांना हत्तीपायाची सुरुवात आहे, हे त्यांनी हेडमास्तरांच्या होणाऱ्या व्याह्यांदेखत सांगितलं होतं. मी चिडून म्हटलं, "डॉक्टर, थोडं हळू बोलत जा ना हो." तर मलाच विचारतात, "काहून? रोग काय त्यानं चोरून आणला का?"

अशा माणसावर रागावून काही उपयोग नसतो. मी तरी रागवायचो, कारण मला सवय आहे आणि त्यांना ऐकून घ्यायची सवय होती. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळी नागपुरात आलं. त्यातला अभिमान तेवढा घरात शिल्लक होता आणि गजभियांच्या दवाखान्यात मी चहा पितो म्हणून आईनं काही दिवस माझ्याशी अबोला धरला होता. तिला पित्ताचा खडा झाला तेव्हा तो गजभियांनीच ओळखला. ओळखला आणि अर्थातच भर आळीत मोठ्यानं सांगितला.

निदान करावं तर त्यांनीच. एक बाई रोज चक्कर येऊन पडायची. सगळ्यांनी तिला टॉनिक लिहून दिलं, यांनी नखं पाहिली आणि विचारलं, "माती खातं का वं?" बाई लाजून रडायला लागली. ती भिंतीचे पोपडे काढून खात होती आणि पोटात जंत होते. छापखान्यात खिळे जुळवणारा एक जण पोटदुखीनं वर्षानुवर्षं हैराण होता. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडीवरची निळी रेघ पाहिली आणि म्हणाले, शिसं अंगात भिनलं आहे. मे महिन्यात उन्हाची लू लागलेले रिक्षावाले त्यांच्याकडे आणून टाकायचे, तेव्हा हे स्वतः धोतर खोचून ओल्या पोत्यांवर बर्फ घासत बसायचे. मात्र कोणी नुसती सुई मागायला आला तर त्याला सुई मिळायची नाही, पाव तास भाषण मिळायचं. माझ्या दुकानातली टॉनिकं त्यांच्यामुळे धूळ खायची.

मूळचे ते मौद्यापलीकडच्या एका खेड्यातले. आई लहानपणीच गेली. थोरल्या बहिणीनं, अंजनाबाईनं, त्यांना वाढवलं. ती बिड्या वळायची आणि हे शाळेत जायचे. छप्पन साली दोघं बहीणभाऊ पांढरे कपडे घालून दीक्षेला गेले होते, ते सांगताना डॉक्टरांचा आवाज अजून भरून यायचा. भाऊ मेडिकल कॉलेजात गेला तेव्हा अंजनाबाई गावभर सांगत होती, "आमचा देवा मुर्दे फाडून राहिला!" आपल्या हिश्शाची भाकर तिनं या भावाला घातली होती आणि भावालाही ते पुरतं ठाऊक होतं. ती दवाखान्यात आली की डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहायचे. कलेक्टर आला असता तरी उठले नसते.

अंजनाबाई मौद्याला दिली होती; ती लवकर विधवा झाली. तिचा एकुलता एक मुलगा रविंद्र एस.टी.त कंडक्टर होता. मऊ स्वभावाचा, उंच, हसरा. डॉक्टरांची मुलगी शोभा. आता आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. भावाची पोरगी बहिणीच्या घरी जायची, त्यात विचारायचं काय? शोभा पाळण्यात असतानाच अंजनाबाईनं तिला सून म्हणून हाक मारली होती आणि सगळ्या गोतावळ्यात ते लग्न झाल्यातच जमा होतं.

त्यात आडवा आला तो डॉक्टरांचा आवडता रोग. आवडता म्हणजे काय, त्या रोगानं त्यांना पछाडलं होतं. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि जिथे अडकतील तिथे माणूस ओरडतो. लेकराचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात, हाडं ठणकतात. डॉक्टर त्याला नुसतं सिकल म्हणायचे. आमच्या भागात कितीतरी घरांत हा रोग होता, पण लोकांजवळ त्याला नाव नव्हतं. कोणी वात म्हणायचं, कोणी बाहेरची बाधा. शिकलेले डॉक्टरसुद्धा संधिवात लिहून मोकळे व्हायचे. आमचे डॉक्टर मात्र बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचे, त्यात मी ताजं कालवून दिलेलं औषध टाकायचे, वर पातळ काच ठेवून कडांना व्हॅसलीन लावायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. आत हवा गेली नाही की दोषी पेशी वाकायला लागतात. मला एकदा त्यांनी दाखवलं होतं.

ज्यांच्या रक्तात हा दोष अर्धाच असतो ते जन्मभर ठणठणीत राहतात. त्यांना पत्ताही लागत नाही. पण असे दोघं नवराबायको झाले तर त्यांच्या पोटी पुऱ्या रोगाचं लेकरू येऊ शकतं. डॉक्टरांनी स्वतःचं रक्त पाहिलं होतं, त्यात अर्धा दोष होता. शोभात होता. रविंद्र एकदा तापानं आला तेव्हा त्याचंही बोट टोचून घेतलं होतं. त्यातही होता.

अंजनाबाई एका सकाळी लग्नाचं बोलायला आली. मी पलीकडे गोळ्यांच्या बाटल्या लावत होतो. कान देऊन ऐकावं लागलंच नाही.

"देवा, शोभाची मॅट्रिक झाली. आता लगनाचं कधी पाहून राहिला?"

"बाई, शोभा रविंद्रले देता येत नाही."

"काहून?"

"दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष हाय. लेकरं दुखणेकरी निंघतील."

"माह्या पोराले काय झालं? एका बैठकीत अर्धा कोंबडा खाते!"

"त्याले काई होत नाही वं. त्याच्या लेकरांले होते. हे आपल्या मायकडून आलं, बाई. माह्यातही हाय."

"मेलेल्या मायले मधात आनू नको." मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "सरळ सांग ना गा. डाक्टरची पोरगी कंडक्टरले कशी द्याची, असं सांग. रक्ताचं नाव कायले घेतं?"

डॉक्टरांनी शपथा घेतल्या, सूक्ष्मदर्शक पुढे ओढला, ये पाहा म्हणाले. तिनं पाहिलं नाही. जाताना ती माझ्या दुकानासमोर थांबली. डोळे कोरडे होते. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मोठा झाला जी आमचा देवा." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तिच्या मागोमाग डॉक्टर रस्त्यापर्यंत धावत गेले आणि ओरडून म्हणाले, "बाई, दुसरी पोरगी पाहशील तं आधी तिचं रक्त माह्याकडून पाहून घे!"

"पोरगी पाहाले जातात का बैल घ्याले?" ती मागे न वळता म्हणाली.

त्या दिवसापासून डॉक्टरांना एकच घोर लागला. रविंद्रची बायको अर्ध्या दोषाची निघू नये. शोभा वाचली, पण रविंद्रचं लेकरू वाचायचं होतं, आणि ते ज्या बहिणीच्या हातात होतं तिनं कान बंद केले होते.

आणीबाणी उठली त्या वर्षी रविंद्रचं जमलं. मुलगी कळमेश्वरची, कुसुम, रुपराव म्हणून एक खाऊनपिऊन सुखी गृहस्थ होते त्यांची. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, अंजनाबाईनं भावाला बोलावलं, कारण मामा नाही म्हटल्यावर लोक दहा प्रश्न विचारतात. डॉक्टरांना स्कूटर चालवता येत नसे, म्हणून मी नेलं. सकाळी त्यांनी माझ्याकडून औषध ताजं कालवून घेतलं होतं. मला वाटलं, दवाखान्यात कोणाचं तरी पाहायचं असेल.

रुपरावांच्या दारापुढे मांडव होता. तक्तपोसाच्या लाकडी बैठकीवर मंडळी बसली होती, त्रिशरण झालं, पंचशील झालं. कुसुमला बाहेर आणलं. गोल चेहऱ्याची, घाबरलेली, हिरव्या साडीत गुंडाळलेली मुलगी. अंजनाबाईनं तिला नवं लुगडं दिलं, हार घातला. सगळं रीतसर चाललं होतं. मग डॉक्टर उठले. मामा काही तरी देणार म्हणून बायका कौतुकानं सरकल्या.

"बेटा, हात दे," डॉक्टर म्हणाले.

तिनं खाली मान घालून हात पुढे केला. तिला वाटलं, अंगठी असेल. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून स्पिरिटचा बोळा काढला आणि तिचं बोट पुसलं. दुसऱ्या खिशातून काच काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी अजून ती काच पाहतच होतो, तेवढ्यात त्यांनी सुई काढली. कुसुमनं किंकाळी फोडून हात ओढून घेतला. हार तुटला आणि काच खाली पडून फुटली.

"हे काय होय जी?" रुपराव उभे राहिले.

इथे तरी थापा माराव्यात की नाही? काटा काढत होतो म्हणावं, नवस आहे म्हणावं, काहीही म्हणावं. पण नाही. भर मांडवात, व्याह्यांच्या, पाव्हण्यांच्या, शेजाऱ्यांच्या देखत डॉक्टर त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पोरीचं रक्त पाहाचं हाय. आमच्या पोराच्या रक्तात दोष हाय. तुमच्या पोरीतही असला तं लेकरं मरतील."

बायकांनी कुसुमला मागे ओढलं. मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. रविंद्रची मान खाली गेली ती वर झालीच नाही. अंजनाबाई सावकाश उठली. मला वाटलं रडेल, पण ती हसली, आणि ते हसणं मला अजून आठवतं.

"माह्या भावाचं डोक्शं फिरलं हाय जी," ती रुपरावांना म्हणाली. "आपली पोरगी देत नाही, अन् दुसऱ्याचीही येऊ देत नाही."

मग जे झालं ते आमच्याकडे ज्यांनी लग्नं जमवलीत त्यांनाच नीट कळेल. तोवर रुपराव कदाचित मोडायच्या विचारात असतील. पण आता मोडलं तर लोक म्हणणार, डॉक्टरनं पोरीत काही तरी पाहिलं म्हणून मोडलं. आणि रक्त तपासू दिलं तर म्हणणार, यांनाच शंका होती. पोरीच्या पाठच्या बहिणी होत्या. रुपरावांनी मुंडासं नीट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या पोरीच्या रक्तात खोट नाही. लगन याच महिन्यात होईल." त्या सुईनं लग्न मोडलं असतं तर निदान डॉक्टरांच्या मनासारखं झालं असतं. तिनं ते पक्कं केलं.

अंजनाबाईनं डॉक्टरांना मांडवाच्या दारापर्यंत स्वतः आणून सोडलं. "शुभाच्या जागी तू लेकरं मरन्याचं बोल्ला," ती म्हणाली. "माह्या घरी मयत झालं तरी आता तुले बोलावनार नाही."

परतताना मी सगळ्या रस्त्यानं भांडत आलो. "मुलीच्या आईला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. मुलीला ताप आल्याचं निमित्त करता आलं असतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं चारचौघांत सुई काढायला?" पारडीच्या नाक्यावर... नाही, पारडी त्या वाटेवर नाही, मला त्या दिवसाचं कुठलाच नाका धड आठवत नाही. कुठे तरी थांबलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "मले दुसरं काई येत नाही, मार्तंडराव. रोग दिसला का मी बोलतो."

लग्नाला मामाची जागा रिकामी राहिली. पुढे शोभाचंही झालं. होणाऱ्या जावयाचं रक्त डॉक्टरांनी पाहून घेतलं. जावई गरीब स्वभावाचा, त्यानं हसत बोट पुढे केलं. शोभाला निरोगी मुलगा झाला त्याची बातमी मौद्याला पोचली असणार, आणि अंजनाबाईच्या जखमेवर ते मीठच झालं असणार.

एक दिवस दुपारी काउंटरसमोर रविंद्र येऊन उभा राहिला. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पेटी. बस सुटायच्या आधी आला होता. त्यानं लहान मुलाचं रक्तवाढीचं टॉनिक मागितलं आणि सुजेवर लावायचा मलम.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"सुगतसाठी. माह्या पोरासाठी. हातपाय सुजते जी त्याचे. रातभर रडते. मौद्याचे डॉक्टर वात म्हणते."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. टॉनिकानं त्या पोराचं काही होणार नाही, हे मला कळत होतं आणि ती बाटली त्याला द्यावी की नाही हे कळत नव्हतं. "रविंद्र, अरे भिंतीपलीकडे तुझा मामा बसला आहे. पोराला घेऊन ये."

"आई जीव देईन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "मामाले सांगू नका जी."

मी सांगितलं. तो दाराबाहेर पडायच्या आत सांगितलं. आणि का सांगू नये? डॉक्टर दवाखाना तसाच उघडा टाकून मौद्याच्या बसमध्ये बसले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलेल्या रोग्यांना परत पाठवून मीही मागून गेलो.

अंजनाबाई फाटकातच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. तिच्या मागे अंगणात बाजेवर ते पोर बसलं होतं. हाताच्या पंज्यांवर सूज, बोटं फुगलेली, पोट पुढे आलेलं. मनगटांवर आणि घोट्यांवर काळे डाग होते. दुखण्यावर बिबा घालून चटके दिले होते. कुसुम त्याला मांडीवर घ्यायला गेली तर हात लागताच ते किंचाळलं. डॉक्टरांनी फाटकाबाहेरूनच सगळं पाहिलं. त्यांना सूक्ष्मदर्शक लागला नाही.

"बाई, त्याले पानी पाजत जा. लई पानी. थंडी लागू देऊ नको. बिबा नको लावू वं, त्याचं हाड अंदरून दुखते. मी एक गोळी देतो, ती रोज..."

"तुह्या तोंडातून निंघालं, अन् माह्या घरात आलं," अंजनाबाई म्हणाली. "अजून काय बोलाचं राह्यलं?"

"बाई, माह्या बोलण्यानं रोग होत नाही."

"मंग बोल्ला कायले?"

डॉक्टरांनी खिशातून गोळ्या काढल्या. ती काही खाष्ट बाई नव्हती. नातवाच्या दुखण्यानं तिचे गाल बसले होते. पण तिच्या हिशेबानं सगळं नीट जुळत होतं. भाऊ मांडवात अशुभ बोलला, तेच नातवाच्या अंगात येऊन बसलं. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी फाटकाच्या खांबावर ठेवली. वाऱ्यानं ती अंगणात पडली की बाहेर, ते आम्ही पाहायला थांबलो नाही.

पुढची काही वर्षं रविंद्र गुपचूप यायचा, गोळ्या न्यायचा आणि चोरून मुलाला द्यायचा. कधी सांगायचा, बरं आहे, शाळेत घातलं. कधी काही न सांगता जायचा. डॉक्टरांनी त्या काळात किती जणांचे किती रोग बरे केले! सापाच्या विषातून माणूस काढला, घटसर्पाचं पोर वाचवलं. लोक हात जोडायचे आणि ते त्यांच्यावरच खेकसायचे. संध्याकाळी दवाखाना बंद करताना ते मला विचारायचे, "रविंद्र येऊन गेला का?" एवढंच.

सुगत पहिल्या वर्गात असताना, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी रिक्षातून अंजनाबाई उतरली. पोर खांद्यावर, सगळं जाड पांघरुणात गुंडाळलेलं. मागे रविंद्र, आणि त्याच्या आधारानं चालणारी कुसुम. कुसुमला दिवस गेलेले होते, पोट चांगलंच पुढे आलं होतं. अंजनाबाई माझ्या दुकानासमोर थांबली नाही. सरळ आत गेली आणि पोर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. तिला आणखी काही बोलता आलं नाही.

डॉक्टर उठून उभे राहिले होते. मग त्यांचे हात चालू लागले. पोर धापा टाकत होतं, जीभ पांढरी पडली होती, छातीत आणि पाठीत कळा येत होत्या. त्यांनी सलाईन लावलं, कळ मारायचं औषध दिलं, गरम पाण्याच्या बाटल्या अंगाशी ठेवल्या. रक्त कमी झालं म्हणून मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवलं आणि परत आणून आपल्याच मागच्या खोलीत ठेवलं. मी सलाईनच्या बाटल्या पोचवत होतो. औषधाचा जोर ओसरला की पोर ओरडायचं, "आजी, पाय काढून टाक माहे!" आणि माझ्या दुकानात कपाटभर औषधं होती. भिंतीपलीकडे मी कान झाकून बसायचो. डॉक्टर मात्र त्याच्याजवळ बसून त्याला चमच्याचमच्यानं पाणी पाजायचे. एकदा मला म्हणाले, "माती खाणाऱ्या बाईले गोळी देऊन बरं केलं, मार्तंडराव. याले फक्त पानी पाजता येते."

पोरानं तग धरला. कळा हळूहळू ओसरल्या, त्यानं खिचडी मागितली. त्या दुपारी खोलीत सगळेच होते. सुगत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. रविंद्र दाराशी बसला होता, कुसुम दुसऱ्या खाटेवर टेकून, पोटावर हात ठेवून. अंजनाबाई भावाच्या समोर खाली बसली. साक्षगंधानंतर पहिल्यांदाच तिनं त्यांना नावानं हाक मारली.

"देवा, हे जे येऊन राह्यलं, त्याचं कसं होईन? तेही असंच निंघन का?"

कुसुमनं मान वर केली. डॉक्टरांनी सुगतच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "बाई, अशा नवराबायकोच्या चार लेकरांत एक असं निंघते."

अंजनाबाईनं ते मनाशी घोळवलं. बिड्या वळून वाकडा झालेला अंगठा बोटांवरून फिरवला. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, कपाळावरच्या आठ्या उतरल्या. तिला असं पाहून कितीतरी वर्षं झाली होती.

"चारात एक," ती म्हणाली. "मंग एक तं होऊन गेलं. आता पुढचे तीन चांगले. आपल्या वाट्याचं भोगलं वं कुसुम, आता काई भेव नाही."

हा हिशेब चुकीचा होता. भिंतीपलीकडून मी हे शंभरदा ऐकलं होतं, दुसऱ्या आयांना डॉक्टर टेबलावर हात आपटून सांगायचे. प्रत्येक लेकराच्या वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. आधीचं आजारी निघालं म्हणून पुढचं सुटत नाही. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आता तो आवाज येणार, आता ते सगळं खोलून सांगणार, माझी खात्री होती. खोलीत कोणी परका असता काय, नसता काय, त्यांना कधी फरक पडला होता?

"हो का जी, मामाजी?" कुसुमनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. इतक्या हळू, की भिंतीपलीकडे असतो तर मला ऐकू आलं नसतं.

कुसुम हसली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि अंजनाबाईनं तिला जवळ घेतलं. थोड्याच वेळात ती त्या खाटेवर कुशीला वळून गाढ झोपली. अंजनाबाईनं तिच्या अंगावर शाल टाकली.

मी डॉक्टरांना हाताला धरून बाहेर दुकानाच्या पायरीवर आणलं. मला भयंकर राग आला होता, आणि कोणाचा ते सांगता येत नव्हतं. "डॉक्टर, जन्मभर खरं बोलून लोकांची लग्नं बिघडवली तुम्ही. आज हे काय बोलले?"

"तिले सातवा महिना सरला, मार्तंडराव. आता खरं सांगून मी काय करू? पोटातलं मले पाहाता येत नाही, अन् पाहाता आलं असतं तरी औषध नाही." त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "दोन महिने तरी झोपू द्या तिले."